गावच्या तलाठी भाऊसाहेबांची आठवण नीट कशी लिहून ठेवायची?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव आहे. आमच्या सजाला (तलाठ्याकडच्या गावांच्या गटाला) दीर्घकाळ तलाठी असलेले भाऊसाहेब निवृत्तीनंतर नुकतेच वारले. शोकसभेला चावडीपुढं जागा पुरली नाही. जो तो उठून "देवमाणूस होता", "कुणाचा चहासुद्धा घेतला नाही" म्हणत होता. पण त्यांनी नेमकं काय केलं, कुणाचं काम कसं मार्गी लावलं, असं विचारलं की बोलणं दोन वाक्यांत आटपतं.

गावात आता दोन मतं आहेत. तरुण मंडळाला चौकात अर्धपुतळा आणि कमान हवी आहे. बाकीच्यांना वर्षश्राद्धाच्या आत छोटी पुस्तिका काढायची आहे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. विशेषणं नकोत, कामाची माहिती हवी, एवढं ठरलंय. ती कुठून मिळवायची, त्यात काय बघायचं, आणि पुतळा, कमान, वर्गणी यांत कायद्याच्या अडचणी कोणत्या, हे जाणकारांनी सांगावं. नाव मुद्दाम देत नाही, घरच्यांना अजून विचारलेलं नाही.

जुनंदप्तर

तलाठ्याचं काम लोकांच्या आठवणीपेक्षा दप्तरात नीट सापडतं. गाव नमुने एक ते एकवीस असतात, त्यातले चार-पाच तुमच्या उपयोगाचे.

सगळ्यात आधी कार्यकाळ पक्का करा. तलाठी बदलतो तेव्हा चार्ज यादी होते. कुठली रजिस्टरं, कुठल्या पानापर्यंत, पावती पुस्तकं किती, हे त्यात असतं. तारखा तिथून घ्या. लोकांच्या बोलण्यात दहाची पंधरा वर्षं होतात, आणि मधल्या काळात अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या दुसऱ्याच तलाठ्याचं बरं-वाईट सगळं यांच्या नावावर जमा होतं.

मग नमुना ६, म्हणजे फेरफार रजिस्टर. आपल्याकडं त्यालाच डायरी म्हणतात. खरेदी, वारस, वाटणी काही झालं की तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची, म्हणजे लेखी कळवायचं. तलाठ्यानं नोंद घालायची, चावडीत नोटीस लावायची, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवायचे. हरकत आली तर प्रकरण ६अ मध्ये, म्हणजे तक्रारींच्या रजिस्टरात जातं. मंजुरी तलाठी देत नाही, ती सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची. म्हणून नोंद आणि मंजुरी यांतलं अंतर बघून तलाठ्याला जोखू नका, सर्कल रजेवर असला तरी ते वाढतं.

बघायचं ते वर्दी आणि नोंद यांतलं अंतर. पैसे खायची जागा तीच आहे. कागद हातात घ्यायचा, पोच द्यायची नाही, "बघू" म्हणायचं आणि नोंदच घालायची नाही. नोंद नाही म्हणजे नोटीस नाही, मुदत नाही, अपिलालाही काही नाही. शेतकरी चावडीला हेलपाटे घालून दमतो आणि शेवटी तोच विचारतो, "भाऊसाहेब, काय द्यायचं ते सांगा." तुमच्या भाऊसाहेबांच्या काळातल्या पोच-सह्यांचे अर्ज लोकांच्या ट्रंकेत सापडले आणि त्यांची तारीख डायरीतल्या तारखेला लागून निघाली, तर पुस्तिकेचा पहिला पुरावा मिळाला म्हणून समजा.

नोटिशीच्या स्थळप्रती, म्हणजे दप्तरात राहिलेल्या प्रती बघा. पाच भावांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच दिवशी, आणि त्यातला एक भाऊ तेव्हा मुंबईला कामाला, तर ती नोटीस चावडीत बसून "बजावलेली" असते. नीट काम करणाऱ्याच्या नोटिशीवर "इसम गावी नाही, आईस दिली", "घेण्यास नकार, पंचांसमक्ष दारावर डकवली" असे शेरे असतात. दिसायला गबाळं दिसतं, पण प्रांताधिकाऱ्याकडं अपील गेलं तर हेच शेरे टिकतात.

आता ६क, वारस रजिस्टर. माझ्या मते तुमच्या पुस्तिकेचा गाभा इथं आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, गावात चौकशी, मग ६क ला नोंद, सर्कलनं वारस ठरवायचे, त्यानंतर डायरी. यात मुलींची नावं गळतात. "तिचं लग्न करून दिलंय की" म्हणून भाऊ सांगत नाहीत आणि तलाठी विचारत नाही. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाची वारस आहेच. वडिलोपार्जित जमिनीतला जन्मजात हक्क महाराष्ट्रानं १९९४ ला दिला, केंद्रानं २००५ ला. तिला हिस्सा नको असेल तर तिनं नंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं, त्याची वेगळी डायरी होते. वारस नोंदीतच नाव गाळणं ही सरळ लबाडी.

तेव्हा ६क ची पानं उलटा आणि मोजा, किती नोंदींत मुलींची नावं सासरच्या गावासह आहेत. मग त्याच रजिस्टरात भाऊसाहेबांच्या आधीची पानं मोजा. फरक ठळक निघाला तर "देवमाणूस" लिहायची गरज राहणार नाही.

हस्तलिखित सातबारा मिळाला तर तोही बघा. मंजुरीआधीची नोंद पेन्सिलनं, मंजुरीनंतर शाईनं आणि जुन्या नावाला कंस, अशी पद्धत होती. वर्षानुवर्षं पेन्सिलमध्येच राहिलेली नोंद म्हणजे त्या शेतकऱ्याचं सोसायटीचं कर्ज अडकलेलं. आणि नमुना ९ चं पावती पुस्तक. पावत्यांचा अनुक्रम सलग, रद्द पावतीच्या दोन्ही प्रती जागेवर, वसुली चलनानं लगेच भरलेली. पावती आणि चलन यांत बरेच दिवस जात असतील तर सरकारचा पैसा तेवढे दिवस कुणाच्यातरी खिशात होता.

हे अभिलेख सार्वजनिक आहेत. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून, फी भरून पाहता येतात आणि नकला मिळतात. पण गट नंबर आणि डायरी नंबर लिहूनच जा. "त्यांच्या काळातलं सगळं दाखवा" म्हटलं तर हात हलवत परत याल. गटवारीच्या (जमिनी एकत्र करून नवे गट नंबर दिले त्याच्या) आधीचा व्यवहार असेल तर गट नंबरावर काही सापडणार नाही, जुना रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर लागेल.

नृसिंहवाडी_काठ

नदीकाठचं गाव म्हणताय, मग महापुराचे पंचनामे विसरू नका. २०१९ किंवा २०२१ ला ते नोकरीत असतील तर हा भाग मोठा करा.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. तलाठ्याचं काम त्याच्या आधी सुरू होतं. सखल गल्ल्यांतली घरं, अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतिणी आणि जनावरं यांची यादी, ती हलवायची कुठं, चाऱ्याचं काय. अशी यादी वहीत असली तर तिचं पानच छापा. लोक जनावरं सोडून घराबाहेर निघत नाहीत, म्हणून जनावरांची सोय आधी करणारा तलाठी गाव वेळेत रिकामं करू शकतो. हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

पाणी उतरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामे करतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत. सगळा खेळ या आकड्याभोवती. ज्याचं पंचवीस आहे त्याचं पस्तीस लिहायला दबाव येतो आणि ज्याची ओळख नाही त्याचं पस्तीसचं पंचवीस होतं. उसात तर अजून घोळ. पाणी उतरल्यावर ऊस उभा दिसतो, हिरवाही दिसतो, पण शेंड्यात गाळ बसून सुरळी, म्हणजे मधला कोवळा पोंगा, कुजलेली असते. बांधावरून बघून "नुकसान नाही" लिहिणारे पुष्कळ. सरीत उतरून सुरळी ओढून बघणारा वेगळा. ओढली की सहज हातात येते आणि वास मारते.

घरपडीचंही तसंच. मातीची भिंत पाणी असेपर्यंत उभी राहते, ऊन पडून वाळायला लागली की बसते. पहिल्याच फेरीत यादी बंद केली तर अशी घरं सुटतात. दुसरी फेरी केली होती का, हे पंचनाम्याच्या तारखांवरून कळेल.

शेवटचं म्हणजे यादीचं वाचन. लाभार्थ्यांची यादी चावडीवर लावली होती की ग्रामसभेत मोठ्यानं वाचली होती? वाचली असेल तर ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात नोंद असणार. खाते नंबरातला एक आकडा चुकला की पैसे परत जातात, त्या दुरुस्तीची पत्रंही फायलीत बघा. कंटाळवाणं काम आहे, पण कितीतरी घरांना मदत मिळाली ती अशा पत्रांमुळं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

मला एक कळत नाही. पगार घेत होते, पेन्शन घेत होते, नियमानं काम केलं. यात पुतळा आणि पुस्तिका कशाला? चोरी केली नाही म्हणून सत्कार, अशी वेळ आलीय होय?

जुनंदप्तर

@राजारामपुरी, पुतळ्याबद्दल तुमच्याशी सहमत. पुस्तिकेबद्दल नाही. नियमानं काम म्हणजे काय, हेच गावाला माहीत नसतं. पोच मागायची असते हेसुद्धा कित्येकांना ठाऊक नाही. एका माणसाच्या कामावरून ती पद्धत लिहून ठेवली तर पुढच्या तलाठ्याकडं लोक तसंच मागतील.

आणि पंचगंगाकाठ, "लाच घेत नव्हते" असं छापू नका. एकतर ते सिद्ध करता येत नाही. दुसरं म्हणजे बाकीचे सगळे घेत होते असा अर्थ निघतो, आणि मग पुस्तिका राहते बाजूला, भांडण सुरू होतं. "अर्जाची पोच त्याच दिवशी देत" हे लिहा, शेजारी पोचेचा फोटो द्या. ज्यानं त्यानं काय ते समजून घ्यावं.

टाऊनहॉलबाग

संदर्भासाठी. कोल्हापूर संस्थानात गावचं दप्तर वंशपरंपरेनं कुलकर्ण्यांकडं असायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. दप्तर एका घराण्याच्या कपाटातून निघून सरकारी चावडीत आलं ते तेव्हा. संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. तलाठी या पदाचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. पुस्तिकेत पहिल्या पानावर एवढा परिच्छेद पुरे, गावाला स्वतःच्या सजाचा जुना इतिहास हवा असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे कागद आहेत. बरेचसे मोडीत आहेत, वाचणारा माणूस सोबत न्या. नुसते फोटो काढून आणलेत तर ते फोनमध्येच राहतील.

वकील_करवीर

कायद्याचं थोडक्यात.

पुतळा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जागेची मालकी, वाहतुकीला अडथळा, पोलिसांचा अभिप्राय, देखभाल कोण करणार, सगळं विचारतात. रात्रीत चबुतरा बांधून मोकळे होणारे आहेत, मग तो काढायला पोलीस बंदोबस्त येतो आणि ज्या माणसानं जन्मभर अतिक्रमणाच्या नोंदी केल्या त्याचाच पुतळा अतिक्रमणात. हे टाळा.

कमान आणि नाव: रस्ता कुणाचा ते आधी बघा. ग्रामपंचायतीच्या मालकीचं वाचनालय, सभागृह, गल्ली यांना नाव द्यायचा ठराव पंचायत करू शकते. रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा असेल तर त्यांच्याकडं जावं लागतं. तलाठी कार्यालयाची इमारत महसूल खात्याची, तिथं ग्रामसभेच्या ठरावाचा उपयोग शिफारस म्हणूनच. ग्रामसभेचा ठराव करायचाच तर गणसंख्या सांभाळा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. सह्यांची वही नंतर घरोघरी फिरवून पुरी केली तर एक तक्रारदार पुरतो ठराव पाडायला.

वर्गणी: नोंदणीकृत संस्था नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. स्वतंत्र बँक खातं, दोघांच्या सह्या, छापील पावतीपुस्तक, शेवटी हिशेब. कायमचा पुरस्कार वगैरे ठेवणार असाल तर ट्रस्ट नोंदवावा लागेल, दरवर्षी हिशेब, बदल अर्ज, ऑडिट. दोन वर्षांत उत्साह संपतो आणि ट्रस्ट मागं लागतो. त्यापेक्षा गावच्या हायस्कूलकडं ठेव द्या. एक लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेसहा हजार येतात. त्यात एका मुलीची वह्यापुस्तकं होतात. शाळेच्या संस्थेचा ठराव आणि व्याज कशासाठी वापरायचं ते लेखी घ्या, नाहीतर मुख्याध्यापक बदलला की ठेव रंगरंगोटीत जाते.

माहिती अधिकार: अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये, ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. सेवापुस्तक मागितलंत तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाचा आधार देतात. नेमणूक, बदल्या, बक्षिसं यासाठी घरच्यांकडं असलेले आदेश आणि पेन्शनचे कागद जास्त कामाचे. घरच्यांची लेखी संमती मात्र आधी घ्या, फोटोसाठी सुद्धा.

प्रेसवाला_शनिवारपेठ

छपाईचं सांगतो. डेमी अष्टमांश आकार घ्या, पानं सोळाच्या पटीत ठेवा. ४८ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फॉर्म, मधोमध पिन मारून छान होतं. ५० पानांचा मजकूर आणला तर उरलेल्या पानांवर जाहिराती शोधत फिराल, आणि या पुस्तिकेत प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिराती शोभणार नाहीत. आत ७० जीएसएम मॅपलिथो कागद, बाहेर मुखपृष्ठाला जाड आर्ट कार्ड.

फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुन्या कागदांचे फोटो उन्हात नको, सावलीत, कागदाच्या बरोबर वरून, फ्लॅश बंद. पेन्सिलची नोंद फ्लॅशमध्ये उडून जाते.

मजकूर युनिकोडमध्ये टाईप कराल. प्रेसमध्ये तो श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये बदलताना रफार सरकतो आणि "ऱ्य" फुटतो. तुमच्या पुस्तिकेत सातबाऱ्यावर, शेतकऱ्याला, अधिकाऱ्यांनी असले शब्द ओळीओळीला येणार, तेव्हा पहिलं प्रूफ फक्त "ऱ्य" साठी वाचा. दुसरं प्रूफ फक्त आकड्यांसाठी. गट नंबर चुकला तर दुसऱ्याच्याच जमिनीची गोष्ट छापली जाते.

दगडी फलक लावणार असाल तर अक्षरं कोरून घ्या, नुसता रंग दोन पावसाळ्यांत जातो. आणि २०१९, २०२१ चं पाणी भिंतीवर जिथं टेकलं होतं त्याच्या वर बसवा.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. पुतळ्याचा विषय या धाग्याचे प्रिंट दाखवून थांबवता येईल असं दिसतंय. चार्ज यादीचा अर्ज आधी करतो. दोन शंका आहेत. ६क मधली नावं पुस्तिकेत छापायची का? आणि पोच, नोटिसा घरोघरी मागताना लोक "कशाला हवंय" म्हणून बिचकतात, त्याला काय करायचं?

जुनंदप्तर

नावं अजिबात छापू नका. अभिलेख सार्वजनिक असला तरी बहीण-भावांची मिटलेली भांडणं पुन्हा उकरली जातील. एक छोटा तक्ता द्या. वर्ष, एकूण वारस नोंदी, मुलींची नावं असलेल्या नोंदी, एवढे तीनच रकाने. ज्या मयताला मुली नव्हत्याच, ती नोंद एकूणमधून वगळावी लागेल, आणि ते ६क वरून कळत नाही. त्यासाठी पोलीस पाटील आणि जुन्या कोतवालाला शेजारी बसवून यादी वाचा. दोघं मिळून गावातली घरं तोंडपाठ सांगतात.

कागद मागायला जाताना मूळ प्रत हातात घेऊच नका. त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर फोटो काढा आणि कागद तिथंच परत द्या. खातेनंबर, आधार नंबर कागदाच्या तुकड्यानं झाकून फोटो घ्या. कुणाची केस चालू असेल तर तो कागद सोडून द्या, वकिलाला विचारल्याशिवाय तो देणारही नाही. चालू सातबारा हवा असेल तर कुणाला मागायची गरज नाही, सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. त्यावर खाली जुन्या फेरफारांचे नंबर असतात, ते टिपून घ्या. तेच नंबर घेऊन तहसीलला गेलात की रेकॉर्ड रूमचा माणूस बरोबर ते रजिस्टर काढून देतो.